पिवळ्या ठिपक्याची राणी

२० फेब्रुवारी

भिंगरे,

आधी लांबूनच तुझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून घेते, मग पुढचं. तुझं चार पानी फर्मान मिळालं. टपालवाला हातात ठेवताना म्हणाला, "आजी, एवढं जाड काय, कोर्टाचं आहे का?" म्हटलं, "त्याहून वरचं. नातीचं आहे." पायरीवर उन्हात बसून दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं ते नुसतं बरं वाटतं म्हणून.

तू लिहितेस हे फार बरं झालं बघ. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि जे येत नाही त्याला मी "हो हो" म्हणून मोकळी होते. अशाच एका "हो हो"पायी तुझ्या आत्याने मला गुलाबी चपला आणल्या. घालते मी, पण मागच्या दारीच. पत्राचं तसं नाही. दुसरीपर्यंतच शिकले असले तरी अक्षराला अक्षर लावून कुठवर पोचायचं ते पोचते.

मधमाशांच्या सहाही पेट्या मजेत. निलगिरी फुललीये. माशा सकाळी नऊच्या ठोक्याला कामावर निघतात, तुझ्या बापाच्या आधी, आणि डबा विसरत नाहीत. मी स्टूल टाकून बसते आणि ऐकते. पेटीचा आवाज ऐकला की आत सुख आहे का भांडण ते मला न उघडता कळतं. चार नंबरची तेवढी हल्ली कुरकुरते.

तर तुझं म्हणणं मी असं समजले. चार नंबरची राणी म्हातारी झाली, तिसरं वर्ष लागलं. जुनी राणी असली की पेटी फुलांच्या दिवसांत थवा सोडतेच. निम्म्या माशा जुनीला घेऊन घर सोडतात, मागे नवी राणी जन्माला यायची तजवीज करून. पेटी निम्मी रिकामी, मधाची बोंब. म्हणून ते व्हायच्या आत जुनी शोधायची, मारायची आणि राणीवाल्या भाऊंकडची तरुण राणी बसवायची. एवढंच ना? त्याला चार पानं! उंटावरून शेळ्या हाकाव्यात त्या तूच. अगं, तुझ्या आजोबांच्या शेजारी उभी राहून पंचवीस वर्षं माशांवर धुरांडं धरलंय मी.

म्हातारी झाली म्हणून मारायची, हे वाक्य मात्र तुझ्या आईला वाचून दाखवलं नाही. नसत्या कल्पना सुचायच्या.

तुझा बाप काल परत म्हणाला, "आई, झेपत नसेल तर पेट्या देऊन टाकू कुणालातरी." मी म्हटलं, "मला लहानपणी तू झेपलास. ह्या तर माशा आहेत."

तू निर्धास्त राहा.

तुझी आजी

*

२७ फेब्रुवारी

लाडके आजी,

टपालवाल्याला सांग, पुढच्या वेळी पाच पानं येतील.

राणी उद्याच्या गाडीने निघतेय. काडेपेटीएवढी जाळीची डबी असेल, आत ती आणि तिच्या दिमतीला पाच-सहा माशा. राणीवाल्या काकांनी स्वतः निवडलीये. तुला माहीतच आहे, मला राणी चिमटीत धरायला त्यांनी शिकवलं. आमचं मधमाशीपालन केंद्र गेली तीस वर्षं त्यांच्याच राण्या घेतंय. ते म्हणाले, "वहिनींच्या पेटीसाठी ना? मग ही घे." आजोबांची आठवण काढत होते.

आता नीट वाच. आधी जुनी शोध. तिच्या पाठीवर पिवळा ठिपका आहे, मीच लावलाय, लगेच सापडेल. मारल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही, कारण एका पेटीत दोन राण्या राहत नाहीत. जुनी जिवंत असताना नवी सोडली तर माशा नवीचा जीव घेतात. मारल्यावर एक दिवस पेटी तशीच ठेव. दुसऱ्या दिवशी डबी पोळ्याच्या दोन चौकटींच्या मध्ये अडकव. डबीच्या तोंडाशी साखरेचा गोळा आहे, माशा तो खात खात तिला सोडवतात आणि तोवर तिच्या वासाची सवय होते. मग आठ दिवस उघडायचं नाही.

आणि एक विचारू? तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? एका पानावर आठच ओळी. डोळे बरे आहेत ना? खरं सांग. नसतील तर मी येते. माझी इथली नेमणूक अजून कच्ची आहे, रजा मिळणार नाही, पण गेली नोकरी तर गेली. तुझ्यापुढे काय तिचं?

भिंगरी

*

६ मार्च

भिंगरे,

झालं काम. परवा सकाळी अकराला जुनीला मारलं, काल डबी अडकवली. नवी काय देखणी आहे गं! डबी हातात घेऊन उन्हात धरली, पाठीवर पांढरा ठिपका, चाल अशी की जणू सगळ्या घराच्या किल्ल्या हिच्याच कमरेला.

अक्षर मोठं आहे कारण कागद भरपूर आहे. तुझ्या बापाच्या हापिसातला पाठकोरा गठ्ठा आलाय, वापरायला नको? डोळ्यांना काही झालेलं नाही. समोरची शिंपीण अजून मला सुई ओवायला बोलावते. ती तुझी आठवण काढत होती. तिने शाळेच्या गणवेशाचं काम घेतलंय, दुकानाला नवी पाटी लावलीये, एवढी मोठी की पावसात आडोशाला चार माणसं उभी राहतील. पाटीवर कात्री काढलीये. मला आधी ती बदकच वाटली.

तर काम झालं. तू आपल्या जागेवरून हलू नकोस.

आजी

*

६ मार्च

(हे पत्र तेव्हा टपालात पडलं नाही. शिलाईयंत्राच्या खणात राहिलं.)

भिंगरे,

पहिलं पत्र पाकिटात घालून चिकटवलं आणि आता हे लिहितेय. कशाला, ते माझं मला माहीत नाही.

जुनी मला सापडली नाही. दहाही चौकटी काढल्या. एकेक जाळीच्या टोपीला टेकेल इतकी जवळ धरली. सगळं हलत होतं, तपकिरी, जसं काही उकळत्या चहात डोकावतेय. पिवळं काही दिसलं नाही. गेल्या वर्षापासून उजव्या डोळ्यापुढे दुधाची साय धरल्यासारखं आहे. डाव्याने वस्तू हातात घेऊन उन्हात धरली की दिसते. हलणारी दिसत नाही. सुई शिंपीणच ओवते, मी बोटाने दोरा चाचपडते आणि गप्पा मारते.

तासभर झाला. माशा चिडल्या. एक मोठी काळी लागली हाताला, ती चिमटीत धरली. जाड होती, बुटकी, शेपटाकडे बोथट. राणी लांबट असते हे मला माहीत नाही का? बोटांना कळलं होतं की हा नर आहे. तरी चिरडला. आणि स्वतःला म्हटलं, मारली.

तुझी आई दारातून म्हणाली, "सापडली का हो?" मी म्हटलं, "हो हो."

*

१६ मार्च

आजी,

नवी राणी पेटीसमोर मेलेली सापडली, हे तुझं पत्र आत्ताच वाचलं. तू तळहातावर घेऊन पांढरा ठिपका पाहिलास म्हणजे तीच. जुनी नक्की मेली होती ना? मेलेली ठेवली असशील तर काडेपेटीत घालून पाठव, मला बघायची आहे. आणि चौकटीतल्या घरांत तळाशी अंडी दिसतात का ते बघ, बारीक पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी. अंडी असतील तर आत कुठली तरी राणी आहे. नसतील तर कुणीच नाही.

काकांना सांगितलं. त्यांनी एका शब्दाने वाद न घालता दुसरी राणी दिली. ती सोमवारी पोचेल.

भिंगरी

*

२९ मार्च

भिंगरे,

जुनी मुंग्यांनी नेली, पाठवायला उरली नाही.

अंडी बघितली. एकही दिसत नाही.

दुसरी राणीही गेली गं. आज सकाळी दारासमोर पडली होती. बाकी पाच पेट्या ठीक. पाय दुखतात म्हणून आज थोडंच लिहिते.

आजी

*

६ एप्रिल

आजी,

तू वाईट वाटून घेऊ नकोस, यात तुझी काही चूक नाही. गेलं पत्र एवढंसं होतं, त्यावरूनच कळलं की तू मनाला लावून घेतलंयस. म्हणून आधी हे सांगते.

काल केंद्रात बैठक होती. वर्षभराच्या राण्या कुणाकडून घ्यायच्या ते ठरायचं होतं. मी नवखी, पण मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि सांगितलं की काकांच्या दोन राण्या एकाच पेटीने नाकारल्या, म्हणजे त्यांच्या राण्यांत आता दम राहिलेला नाही. काका समोरच बसले होते. ते म्हणाले, "पोरी, जुनी आतच असेल. आजीला एकदा नीट विचार." मी तुझं पत्र काढून वाचून दाखवलं, अंडी एकही दिसत नाही, हे. मग म्हणाले, "तरीही विचार." तेव्हा मी म्हटलं, "माझी आजी खोटं बोलत नाही."

त्यांनी मांडीवरची जाळीची टोपी घेतली, घडी केली, उलगडली, परत घडी केली. त्यांचं नाव यादीतून निघालं. फलकावर चिठ्ठी लागली. दोन मोठ्या मधवाल्यांनीही त्यांना नको म्हणून कळवलंय.

मला वाईट वाटतंय, माझे गुरू ते. पण खरं ते बोलायलाच हवं, हे तूच शिकवलंस. केंद्राचे साहेब म्हणाले, "मुलीत धमक आहे, हिची नेमणूक पक्की करायला हरकत नाही."

आता चार नंबरच्या माशा बिनराणीच्या आहेत. मध्ये एक वर्तमानपत्राचा कागद टाकून ती पेटी दोन नंबरवर ठेव. कागद कुरतडत कुरतडत एक होतील. मग ते प्रकरण संपलं.

तुझी भिंगरी

*

१९ एप्रिल

भिंगरे,

हे पत्र बसून वाच. माझ्यावर प्रेम असेल तर शेवटपर्यंत वाच. नसेल तरी वाच.

तुझं बैठकीचं पत्र आल्यापासून मी तुला लिहिलं नाही. रोज कागद घ्यायची आणि घडी करून ठेवायची, त्या टोपीसारखी. पेटीवर पेटीही ठेवली नाही. कशी ठेवणार? दोन्हीकडे राण्या असताना? तुझी एक ओळ मी इतकी वाचली की आता कागद न काढता दिसते. माझी आजी खोटं बोलत नाही. शिंपिणीकडे गेले तर कात्रीच्या आवाजात तीच ओळ. तुझी आई म्हणाली, "आई, जेवत का नाही?" म्हटलं, "दात दुखतो." बघ, हेसुद्धा खोटंच. दात कुठे राहिलाय दुखायला!

परवा अकराच्या सुमाराला चार नंबरमधून असा आवाज आला की पोतंभर धान्य ओतावं. मी स्टुलावरच होते. दारातून माशा ओतल्यासारख्या बाहेर पडल्या, गोल फिरल्या, सगळी गल्ली भरून गेली, आणि सगळ्या जाऊन लटकल्या त्या शिंपिणीच्या नव्या पाटीला, बरोबर कात्रीवर. केवढा घोस गं, बाळाच्या अंगड्याएवढा! खालून माणसं ओरडतायत, सायकलवाले थांबलेत, शिंपीण आतून काच लावून हातवारे करतेय. आणि मला, खरं सांगते, पहिल्यांदा आनंदच झाला. हात शिवशिवले. थवा पोट भरून निघालेला असतो, तो चावत नाही हे ह्या लोकांना काय माहीत! म्हटलं, "सरका, सरका, ही माझी मंडळी आहेत." खोकं घेतलं, त्यात दोन रिकाम्या चौकटी, खाली चादर. तुझ्या बापाला शिडी धरायला लावली. पाटीला एकच दणका दिला, अर्धा घोस खोक्यात धप्पकन, अर्धा चादरीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्तर वर्षांत कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

आणि शिंपीण काच उघडून बाहेर आली, चादरीपाशी उकिडवी बसली. तिचे डोळे ते, दिवसभर टाके मोजणारे. म्हणाली, "अहो आजी, ही बघा तुमची राणी! हिच्या पाठीवर पिवळा ठिपका आहे, हळदीच्या कणाएवढा. चालली बघा खोक्यात, सगळ्या मागे निघाल्या."

तुझा बाप शिडी धरून उभा होता. तो म्हणाला, "पिवळा? आई, पिवळीला तू मारलंस ना?"

टाळ्यांचा आवाज अजून कानात होता गं.

मी तिला मारलं नव्हतं. ती मला सापडलीच नाही. मला दिसत नाही, भिंगरे. वर्ष होऊन गेलं. मी एक नर चिरडला आणि तुला मारली म्हणून लिहिलं. मुंग्यांनी काही नेलं नाही. अंडी एकही दिसत नाही असं लिहिलं, तेही साळसूदपणे लिहिलं. मला अंडीच काय, अंडी घालणारी दिसत नव्हती. तुला वाटलं अंडी नाहीत आणि मी तसं वाटू दिलं. त्या दोन तरुण राण्या माझ्यामुळे मेल्या. पहिली मेली तेव्हाच मला कळलं होतं, तरी मी दुसरी येऊ दिली. कशी झाले मी अशी! सोबत सहा मार्चचं पत्र घातलंय, त्याच दिवशी लिहिलेलं. तारीख बघ. सगळं तेव्हाच माहीत होतं मला.

तुझी नोकरी जाऊ नये म्हणून खोटं बोलले, असं लिहिणार होते. ओळ लिहिलीही होती, खोडली. कारण तीही पुरती खरी नाही. तुझा बाप पेट्या देऊन टाकेल ही भीती होती. आणि त्याच्याही खाली होती ती नुसती ऐट. गल्लीत सगळे म्हणतात, आजींची नजर अजून कशी शाबूत. त्या एका वाक्यासाठी मी एका भल्या माणसाचं तीस वर्षांचं नाव तुझ्या हातून पुसलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. पण गोटा लागला तो भाऊंच्या कपाळी.

दुसरा कागद आहे तो त्यांच्यासाठी. पण त्यांना टपालाने पाठवू नकोस. ज्या खोलीत तू उभी राहून बोललीस त्याच खोलीत, तेच लोक बसलेले असताना, उभी राहून वाच. माझं नाव झाकू नकोस. मग त्यांच्या हातात दे.

तुझी आजी

*

(सोबतचा कागद)

राणीवाले भाऊ,

तुम्ही मला वहिनी म्हणता. आज म्हणू नका.

तुमच्या दोन राण्या चांगल्या होत्या. त्या मेल्या कारण मी जुनी न मारता त्यांना आत सोडलं आणि मारली म्हणून सांगितलं. मला डोळ्यांनी दिसत नाही. ते सांगायची लाज वाटली. त्या लाजेपायी आज जी लाज वाटतेय तिच्यापुढे ती काहीच नव्हती.

तुम्ही म्हणालात, आजीला नीट विचार. तुम्ही मला ओळखलंत आणि तरी चारचौघांत मला खोटारडी म्हणाला नाहीत. माझ्या नातीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, तेवढीच तिची चूक. बाकी सगळी माझी.

जे इथे बसलेत त्यांना माझं सांगणं, फलकावर भाऊंबद्दल जे लावलंय ते काढा आणि त्या जागी हा कागद लावा. अक्षर मोठं आहे, लांबून वाचता येईल.

भिंगरीची आजी

*

२८ एप्रिल

आजी,

तुझ्यावर मी चार दिवस रागावले होते. पाचव्या दिवशी माझ्यावर. तुझं अक्षर मोठं झालेलं मला दिसलं होतं. मी विचारलं, तू कागद भरपूर आहे म्हणालीस, आणि मी मानलं, कारण मलाही तेच सोयीचं होतं. इथून उठून यायचं नव्हतं मला.

तू सांगितलंस तसंच केलं. उभी राहिले. ज्यात "कशी झाले मी अशी" लिहिलंस ते पत्र मात्र वाचलं नाही, ते माझं. दुसरा कागद वाचला. मध्ये दोनदा थांबले. साहेब म्हणाले, "बस खाली, पोचलं." मी बसले नाही. शेवटची ओळ झाल्यावर कुणी हसलं नाही, मला वाटलं होतं हसतील. काकांचं नाव यादीत परत घेतलंय. माझी पक्की नेमणूक पुढे ढकलली. ते बरोबरच आहे, मी स्वतः तपासल्याशिवाय बोलले.

मी काकांच्या पाया पडायला वाकले तर ते बाजूला झाले. "आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख घे त्यांच्यासाठी," म्हणाले, "मग वाक."

तारीख घेतली आहे, बारा मे. बाबांना कळवलंय. आता "हो हो" म्हणू नकोस, नुसतं जा.

भिंगरी

*

२ मे

वहिनी,

म्हणू नका म्हणालात तरी म्हणतोय, दुसरं काही म्हणायची सवय नाही.

पत्र मिळालं. राग आला होता हे लपवत नाही. केंद्राची गाडी परवा येऊन राण्या घेऊन गेली. ते दोन मधवाले अजून फिरकले नाहीत. येतील किंवा नाही येणार.

पिवळीला मारू नका. दोन वर्षांपूर्वी तीही माझ्याकडूनच गेली होती. माझ्याच दोघींचा जीव घेतला तिने, म्हणजे दम होता म्हणायचा. थव्याबरोबर तिला नव्या पेटीत राहू द्या, असेल तितके दिवस.

चार नंबरसाठी राणी पाठवतोय. आधी तिथली सगळी राणीघरं मोडायची, तुम्हाला ठाऊक आहे, भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबतात ती, नाहीतर त्यांतून दुसरीच राणी निघायची. ह्या वेळी ठिपका मोठा केलाय, पार पाठभर. दिसेल.

राणीवाला

*

८ मे

भिंगरे,

भाऊंची राणी आली. त्यांचं पत्र वाचलं. शेवटच्या ओळीपाशी आले आणि पदर तोंडावर घेतला. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर इतकं मेल्यासारखं झालं नसतं. ज्याचं नाव मी पुसलं तो माणूस माझ्यासाठी ब्रश घेऊन ठिपका मोठा करत बसला होता.

तुझी आई ह्या घरात आल्यापासून कधी पेट्यांकडे गेली नव्हती, तुला माहीत आहे. माशी खिडकीत आली तरी ही पलंगावर. तिला मी जाऊन म्हटलं, "मला दिसत नाही. तू बघशील का?" एवढे सहा शब्द. वर्षभर तोंडातून निघत नव्हते. ती म्हणाली, "एवढंच ना? मग आधी का नाही सांगितलंत?" आणि तुझी टोपी घालून, तुझ्या बापाचे मोजे हातात चढवून आली. दोन निराळ्या जोड्यांतले होते, तो भाग वेगळा.

मी स्टुलावर बसून धुरांडं धरलं आणि सांगत गेले, तिने चौकटी काढल्या. आणि डोळे काय तिचे! कोपऱ्यातली राणीघरं तिने सातच्या सात शोधली, मला बोटांनी चारच लागली होती. ती मी मोडली. दुसऱ्या दिवशी डबी अडकवली. आठ दिवस थांबायचं होतं पण चौथ्या दिवशीच तुझी आई म्हणाली, "आई, बघू या का हो?" तिलाही वेड लागलंय आता. उद्यापासून मला न विचारता उघडेल की काय अशी भीती आहे.

तर आज सकाळी उघडली. डबी रिकामी. पेटीचा आवाज ऐकला मी, मऊ, एका सुरातला. तिसरी चौकट वर आली आणि तुझी आई ओरडलीच, "आई, ही बघा, ही बघा! जिवंत आहे! केवढा ठिपका, नुसती चुन्यात बुडवून काढलीये जणू! घोळका आहे भोवती, सगळ्या तिच्याकडे तोंड करून उभ्या!" आणि चौकट माझ्या डाव्या डोळ्यापुढे धरली, इतकी जवळ की माशांचे पंख गालाला लागले.

मी बघितलं. खूप बघितलं. उकळत्या चहासारखं तपकिरी सगळं हलत होतं.

"दिसली?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तुझी आजी